बत्तीस बोअरची कुळकथा

निवडणुकीची आचारसंहिता लागली की मुंबईच्या पोलीस ठाण्यांत एक काम हटकून निघते. छाननी समितीने सांगितलेल्या परवानाधारकांनी आपापली शस्त्रे ठाण्यात आणून जमा करायची आणि निकालानंतर परत न्यायची. दहिसर असो, एमएचबी कॉलनी असो की बोरिवली, पद्धत तीच. शस्त्राचा प्रकार, बनावट, क्रमांक, बोअर म्हणजे नळीचे माप आणि सोबतच्या काडतुसांची संख्या नोंदवहीत उतरते, पावती हातात पडते. लांब बंदूक असली तर बोअरच्या रकान्यात बहुतेक वेळा बारा लिहिले जाते. कमरेला लावायचे हत्यार असले तर जवळजवळ नेहमीच पॉइंट बत्तीस. सराफ असो, बांधकाम व्यावसायिक असो की धमकी आल्यावर परवाना मागणारा साधा दुकानदार, त्याच्या पहिल्या पिस्तुलाचे माप आधीच ठरलेले असते. दुकानात जाऊन निवडायला त्याला फारसे काही उरत नाही.

हे माप ठरवले कुणी? बेल्जियममधला एक कारखाना, लंडनहून निघालेली एक पेटी, दिल्लीत झालेला एक कायदा आणि बंगाल, कानपूर, खडकी इथले आयुध कारखाने असा या बत्तीस बोअरचा प्रवास आहे. तो नीट पाहिला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नवे पिस्तूल घेणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, यात काय सुधारणा करता येतील? या पिस्तुलाचे कूळ त्याला सांगते, सुधारणा राखणीत आहे. राखणीचा प्रत्येक नियम या कुळातल्या कुठल्या ना कुठल्या पिढीने, बरेचदा नुकसान सोसून, मागे ठेवलेला आहे.

मूळपुरुष जॉन मोझेस ब्राउनिंग. १८५५ साली अमेरिकेतल्या युटा प्रांतात, ऑग्डन गावी जन्मलेला, बंदुका घडवणाऱ्या बापाचा मुलगा. बेल्जियममध्ये लिएज शहराजवळ हेर्स्टाल इथे फाब्रिक नासिओनाल हा कारखाना १८८९ मध्ये उभा राहिला होता. बेल्जियन सैन्याला माउझर रायफली पुरवायच्या, एवढ्यासाठी तो काढलेला. ते काम संपत आले तसे कारखान्याला नवा माल हवा झाला आणि १८९७ मध्ये त्याची ब्राउनिंगशी गाठ पडली. त्यातून १९०० सालचे, ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल जन्माला आले. इंचांत मोजणाऱ्या अमेरिकेत त्याच काडतुसाला पॉइंट बत्तीस म्हणू लागले. या एका नमुन्याचीच सात लाखांवर पिस्तुले त्या कारखान्यातून बाहेर पडली. पाठोपाठ अमेरिकेत कोल्ट कंपनीने ब्राउनिंगचेच १९०३ सालचे खिशात मावणारे पिस्तूल काढले. त्याचा घोडा आतल्या बाजूला झाकलेला होता, म्हणजे कोटाच्या खिशातून काढताना कापडात अडकायला बाहेर काही उरले नाही.

तोवर स्वयंचलित पिस्तूल म्हणजे लांबलचक, अवजड, सैन्याच्या घोडेस्वारासाठी केलेली वस्तू. रोज जवळ बाळगता येईल असे साधे, चपटे पिस्तूल लोकांच्या हाती पहिल्यांदा आले ते या काडतुसामुळे. काडतूस मुद्दाम बेताच्या जोराचे होते. त्यामुळे गोळी सुटताना नळी आणि स्लाईड एकमेकांत अडकवून ठेवणाऱ्या खुंट्या-खाचांची गरज पडली नाही. नळी मुठीच्या सांगाड्याला पक्की. वरची जड स्लाईड आणि तिला पुढे रेटून धरणारी स्प्रिंग, या दोघींनीच धक्का पेलायचा. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाईडचे वजन मागच्या दाबाला थोपवते, मग स्लाईड मागे येते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने परत जाताना नवे काडतूस नळीत सारते. ब्राउनिंगने साधलेला हा साधेपणा आजच्या बत्तीस बोअर पिस्तुलापर्यंत तसाच टिकून आहे.

त्या साधेपणाची किंमत स्प्रिंग मोजते. नळी आणि स्लाईड एकमेकांत अडकवून ठेवणाऱ्या यंत्रणेच्या पिस्तुलात धक्का विभागला जातो. इथे तो वाटून घ्यायला स्लाईडचे वजन आणि स्प्रिंग यांखेरीज कुणी नाही. वर्षानुवर्षे तीच स्प्रिंग ठेवली तर ती ढिली पडते, स्लाईड जोराने मागे येऊन सांगाड्यावर आपटू लागते आणि काही काळाने पोलादाला चीर जाते. एरवी ठणठणीत दिसणारे जुने पिस्तूल ऐनवेळी दगा देते, त्याचे कारण बरेचदा या काही रुपयांच्या तारेच्या वेटोळ्यात सापडते. तेव्हा पहिल्या पिस्तुलात पैसे घालायचेच असतील तर आधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून स्प्रिंग तपासून घ्यावी आणि गरज असेल तर बदलावी.

दुसरी खूण काडतुसाच्या बुडाशी. ब्राउनिंगने हे काडतूस आखले तेव्हा रिव्हॉल्व्हरचा जमाना होता. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, तिच्यावर ते चक्रात अडकून बसते. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचायच्या काडतुसाला अशी कड नसलेलीच बरी. ब्राउनिंगने मधली वाट धरली आणि किंचितच, नखाला जाणवेल एवढी कड ठेवली. एकशे पंचवीस वर्षांनंतरही ती तशीच आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, वरचे काडतूस पुढे सरकत नाही आणि पिस्तूल मुके होते. म्हणून प्रत्येक काडतूस मागे नीट दाबून, त्याची कड खालच्याच्या पुढे बसली आहे ना हे बघूनच पुढचे भरायचे. पोलिसांच्या शस्त्रागारात नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या दहिसरमध्ये राहतात. ते पिस्तूल असे कधी म्हणत नाहीत, हत्यार म्हणतात. मॅगझिन भरून झाले की त्याची पाठ तळहातावर हलकेच दोनदा आपटायची, ही त्यांची सवय. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “राउंड आपापल्या जागी बसतात.” ब्राउनिंगचे नाव त्यांनी घेतले नाही, पण शंभर वर्षांपूर्वीच्या तडजोडीला त्यांच्या हातात उत्तर होते.

ब्राउनिंगचे पिस्तूल महाराष्ट्रात आले ते परवान्यावाचून आणि इतिहास घडवत. १९०९ साली विनायक दामोदर सावरकर लंडनमध्ये होते. तिथल्या इंडिया हाऊस या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला आचारी चतुर्भुज अमीन मुंबईला परत निघाला तेव्हा त्याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे हिंदुस्थानात आली. त्यातले एक नाशिकला पोहोचले. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. बदली होऊन निघालेला कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन पाहायला आला होता. अठराच्या उंबरठ्यावर असलेल्या अनंत लक्ष्मण कान्हेरेने त्याला तिथे गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुले पुरवून या हत्येला साहाय्य केल्याच्या आरोपाखाली सावरकरांना जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली. त्या काळी साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि दहिसर साष्टीतले एक गाव. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा निघाला आणि दहिसर बृहन्मुंबईत आले ते १९५७ मध्ये. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या तुरुंगात या पिस्तुलाची पहिली मोठी मराठी कहाणी संपली, त्याच जिल्ह्याचा आमचा गाव.

पुढच्या पिढीच्या हातात कोल्टचे बत्तीस बोअर आले. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये राजगुरू आणि भगतसिंग यांनी ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडल्या. राजगुरू पुणे जिल्ह्यातल्या खेडचे, भगतसिंग पंजाबचे. भगतसिंगांचे बत्तीस बोअरचे कोल्ट पिस्तूल कितीतरी वर्षे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र संग्रहालयात इतर शस्त्रांच्या रांगेत पडून होते. १६८८९६ हा त्याचा क्रमांक जुन्या कागदांशी जुळला तेव्हा कुठे त्याची ओळख पटली. अलाहाबादच्या संग्रहालयात चंद्रशेखर आझादांचे कोल्ट आहे, तेही याच मापाचे. इंदूरची गोष्ट मला फार मोलाची वाटते. हत्याराची ओळख त्याच्या पोलादावर कोरलेल्या आकड्यात असते आणि तो आकडा नीट जपलेला असेल तरच शंभर वर्षांनीही ते बोलते. आज परवान्याच्या वहीत क्रमांक लिहिताना एखादा अंक चुकला आणि मालकाने तो तपासला नाही, तर त्याच्या शस्त्राचा कायदेशीर वंश तिथेच तुटतो.

क्रांतिकारकांना पिस्तूल चोरून आणावे लागले ते १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्याने हिंदी माणसाला विनापरवाना शस्त्र बाळगण्याची मनाई केली आणि युरोपियनांना त्यातून वगळले. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही आला. हातातले शस्त्र आणि हातातली लेखणी, दोन्हींवर एकाच वर्षी कुलूप. हा अपमान राष्ट्रीय चळवळीने विसरला नाही. २३ मार्च १९३१ ला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कराचीला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत मात्र तो मूलभूत हक्कांत आला नाही. परवाना ही सरकारने पारखून दिलेली मुभा राहिली. मला हे योग्य वाटते, कारण गर्दीच्या शहरात एका माणसाच्या हातातली गोळी फक्त त्याची एकट्याची नसते.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाले. त्यांनी शस्त्रांचे दोन गट ठरवले, निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर. सैन्य आणि पोलीस वापरतात ती मापे नागरिकांना सर्वसाधारणपणे बंद. ९ मिलिमीटर आणि .३८ बंद, .३०३ रायफल बंद. यामागचा हिशेब सरळ आहे. सरकारी कोठारातून फुटलेले काडतूस नागरिकाच्या शस्त्रात बसता कामा नये. युरोपात ज्या काडतुसाला बराच काळ पोलिसांचे माप मानले गेले, लंडनच्या पोलिसांनी १९११ मध्ये ज्या मापाचे वेब्ली पिस्तूल स्वीकारले, तेच बत्तीस बोअर भारतात साध्या नागरिकासाठी खुले राहिले. आपल्या सैन्याचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होते आणि ते हाय-पॉवर या पिस्तुलावर बेतलेले आहे. त्या हाय-पॉवरची आखणीही ब्राउनिंगनेच सुरू केली होती. १९२६ च्या नोव्हेंबरात हेर्स्टालच्या कारखान्यातच तो वारला, मग ती आखणी त्याच्या सहकाऱ्याने, द्युदोने सेव्हने, पूर्ण केली. शिपायाचे पिस्तूल आणि सराफाचे पिस्तूल अशा एकाच घराण्याच्या दोन शाखा झाल्या. पहिली शाखा सरकारने आपल्याकडे ठेवली आणि बत्तीस बोअर नागरिकाच्या वाट्याला आले.

१९८० च्या दशकात परदेशी बनावटीची शस्त्रे नागरिकांसाठी आणण्यावर बंदी आली. आधीच देशात असलेली वेब्ली, वॉल्थर, बेरेटा पिस्तुले तेवढी परवान्यांवर हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती लाखांच्या घरात गेल्या. नव्या माणसाला देशी माल हाच रस्ता उरला. कानपूरच्या कारखान्याने बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर बनवले. त्याचे कूळ ब्रिटिश वेब्लीचे, मधोमध मोडून उघडणारे, वजनाला सुमारे ७०० ग्रॅम. बंगालमधल्या आयुध कारखान्यांतून ‘अशनी’ हे बत्तीस बोअरचे पिस्तूल निघाले. इथे नवशिक्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्हींच्या परवान्यावर पॉइंट बत्तीस लिहिलेले असले तरी दोघांची काडतुसे वेगळी. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि पुरत्या कडेचे, पिस्तुलाचे आखूड. एकाचे दुसऱ्यात चालत नाही.

या कथेत पुण्याचाही वाटा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथल्या काडतुसांच्या पितळी बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही दोन इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात, इंग्रजांच्या तोंडी खडकीचे किर्की झाले त्याची खूण. २०२१ च्या १ ऑक्टोबरला आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी म्युनिशन्स इंडियाकडे गेली आणि कानपूरचा शस्त्र कारखाना अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे. अक्षरे मात्र तीच राहिली.

देशी शस्त्रांत सुधारणा होत गेल्या, पण त्या कारखान्यात. २०१४ च्या जानेवारीत कानपूरने ‘निर्भीक’ बाजारात आणले. दिल्लीतल्या २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे हलके रिव्हॉल्व्हर असावे, हा त्यामागचा विचार. टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन अर्ध्या किलोवर आले, किंमत सव्वा लाखाच्या आसपास गेली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘प्रबळ’ आले. पन्नास मीटरचा पल्ला, ७६ मिलिमीटरची नळी आणि मधोमध मोडण्याऐवजी बाजूला उघडणारे चक्र. जुन्या वेब्ली बनावटीत नळीचा सांधा वर्षानुवर्षांच्या वापराने ढिला होऊ शकतो. चक्र बाजूला उघडते त्या बनावटीत सांगाडा अखंड राहतो. यंत्राच्या बाजूने हीच खरी सुधारणा.

अमेरिकेत पहिले पिस्तूल घेणारा लगेच चाप बदलतो, अंधारात चमकणारी नेमाची माशी बसवतो, नळीखाली दिवा लावतो. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे आणि बंद असण्याला कारण आहे. कायद्याच्या लेखी सुटा भाग हेही शस्त्रच. शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे, तपासून पाहणे यासाठी वेगळा परवाना लागतो. नळी आखूड करणे किंवा खेळण्यातल्या पिस्तुलाचे खरे करणे हे विनापरवाना केले तर गुन्हा. ओळखीच्या लेथवाल्याकडून गाळ्यात चुपचाप करून घेतलेले काम कितीही सफाईदार असले तरी ते मालकाला तुरुंगात नेऊ शकते. तेव्हा दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करायची, आणि तीही मूळ बनावटीला धक्का न लावता.

मग मालकाच्या हातात काय उरते? साफसफाई, म्यान, तिजोरी आणि सराव. या चारही गोष्टींना आपापला इतिहास आहे.

साफसफाईची शिस्त काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून आली. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले की नळीत उरणारे पोटॅशियम क्लोराइड हे मिठाच्या जातीचे. ते हवेतली ओल खेचून घेते आणि पोलाद रातोरात गंजवते. नुसत्या तेलाने ते जात नाही, ते पाण्यात विरघळते. म्हणूनच जुने शिपाई गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतत, मग ती कोरडी करत आणि नंतर तेल लावत. तेल म्हणजे बहुधा रंगून ऑइल, ब्रह्मदेशातल्या खनिज तेलापासून केलेले. १९२० च्या दशकाअखेरीस जर्मनीत न गंजवणाऱ्या टोप्यांचे मिश्रण निघाले आणि हळूहळू सगळीकडे पोहोचले. पाण्याची गरज संपली, पण त्याच दिवशी साफ करायची ही शिस्त टिकली आणि ती टिकायलाच हवी. खाडी, समुद्र आणि चार महिने पाऊस असलेल्या मुंबईच्या उपनगरात पोलादावरचा घामट बोटाचा ठसासुद्धा दोन दिवसांत तांबूस होतो.

कॉलेजात एनसीसी केलेल्या कुणालाही पुलथ्रू आणि चिंधी हे शब्द सांगावे लागत नाहीत. टोकाला वजन असलेली दोरी नळीतून सोडायची, दुसऱ्या टोकाच्या फासात फ्लॅनेलची पट्टी अडकवायची आणि एका दमात सरळ ओढायची. साफ करायला चार इंच बाय दोनची चिंधी, तेल लावायला चार बाय दीडची. अर्ध्या इंचाचा हा फरक उगाच नाही. साफ करणारी चिंधी नळीत घट्ट बसून मळ खरवडून आणते, तेलाची चिंधी सैल बसून पातळसा थर सोडते. हे माप रायफलीसाठी ठरलेले, पण नियम पिस्तुलालाही लागू. निवृत्त शस्त्रागारवाले शेजारी चिंधी बाहेर आली की ती उजेडात धरून पाहतात. काळी आली तर पुन्हा. करडी आली तर पुन्हा. पांढरी आली की तेल, आणि तेही एवढेच की बोट फिरवल्यावर चकाकी दिसावी, थेंब दिसू नये. जास्त तेल धूळ धरते आणि काडतुसाच्या टोपीत झिरपून ते निकामीही करू शकते.

या सगळ्याआधी येते ते हत्यार खाली करणे. पहिल्यांदा मॅगझिन काढायचे, मग स्लाईड मागे ओढून नळीत बघायचे. क्रम उलटला तर नळीतले काडतूस निघते आणि मॅगझिनमधले दुसरे त्याच्या जागी जाऊन बसते. घरात साफसफाई करताना गोळी सुटून माणूस जातो, त्या बातम्यांमागे बहुतेकदा हाच उलटा क्रम असतो. नळीत डोळ्यांनी बघायचे, मग करंगळीचे टोक घालून चाचपायचे, कारण दमलेला डोळा रिकामे पाहण्याची अपेक्षा धरून पाहतो. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून यायची आणि मगच चिंधी हातात घ्यायची.

महाराष्ट्रात शस्त्र राखणीचा याहून जुना दिवस आहे, खंडेनवमी. आश्विन शुद्ध नवमीला शस्त्रे काढायची, साफ करायची, पुजायची आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. शिवकाळापासून मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला येत आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरीला निघत. चार महिन्यांच्या ओलीत म्यानात पडलेले पाते बाहेर काढायची हीच वेळ. आश्विनात आभाळ निवळते, ऊन कोरडे होते, तेलाचा हात टिकतो. पूजेआधी घासून लख्ख करणे भागच, गंजलेले शस्त्र पुढ्यात कोण मांडेल? आज पोलिसांच्या शस्त्रागारात त्या दिवशी रायफली झेंडूखाली दिसतात, दहिसरच्या औद्योगिक वसाहतींत लेथ आणि प्रेस मशिनला हार पडतो, घरात विळी, शिलाई मशीन, रिक्षा पुजली जाते. परवानाधारकाने त्या दिवशी पिस्तूल हवेत उडवायचे नसते, फोटोसाठी दाखवायचे तर अजिबात नसते. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. खंडेनवमी साजरी करायची ती दार लावून, चिंधी आणि तेल घेऊन, स्प्रिंग आणि मॅगझिनची पाहणी करून. इतका चांगला वार्षिक देखभालीचा दिवस घरच्या पंचांगात असताना तो वाया घालवू नये.

म्यानाचा, म्हणजे होल्स्टरचाही नियम आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते होल्स्टरमध्ये, झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे. होल्स्टर असे हवे की चाप पुरता झाकला जाईल आणि पळताना, बसताना, लोकलच्या रेट्यात पिस्तूल निसटणार नाही. सैल, मऊ पिशवी कमरेला लावणे म्हणजे धोका कमरेला लावणे. चामड्याचे होल्स्टर अंगावर उत्तम, पण त्यातच पिस्तूल रात्रंदिवस ठेवू नये. चामडे घाम आणि ओल शोषते, कमावताना वापरलेले क्षार त्यात असतात, आणि पावसाळ्यात ते सगळे पोलादाला चिकटून राहते. घरी आल्यावर पिस्तूल पुसून कोरड्या फडक्यावर ठेवायचे, होल्स्टर वेगळे वाळवायचे.

आता तिजोरी. या विषयाकडे दहिसरच्या माणसाला हलकेपणाने पाहता येत नाही. २९ डिसेंबर २०२१ ला इथल्या एका बँकेच्या शाखेत दोन तरुण शिरले, गोळी झाडली आणि कंत्राटावर काम करणारा एक कर्मचारी जीवाला मुकला. ते हत्यार गावठी होते, त्याला परवाना नव्हता, क्रमांक नव्हता, कूळ नव्हते. ८ फेब्रुवारी २०२४ ला मात्र वेगळे घडले. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर आमच्या शेजारच्या आय.सी. कॉलनीतल्या एका कार्यालयात, फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना, गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात त्यांचा मृत्यू झाला आणि हल्लेखोराने स्वतःलाही संपवले. पोलीस तपासात पुढे आले की पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना असलेले होते. गावठी कट्ट्याची भीती सगळ्यांना समजते. या दुसऱ्या घटनेने दाखवले की परवाना एका हातात आणि पिस्तूल दुसऱ्या हातात गेले तर सगळी कायदेशीर वंशावळ एका क्षणात निरर्थक होते.

म्हणून राखण म्हणजे फक्त तेल-चिंधी नव्हे, ताबा हीच पहिली राखण. परवाना मागतानाच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. ती हमी पाळायची तर गोदरेजच्या कपाटातला चोरकप्पा पुरत नाही, कारण त्याची किल्ली कुठे असते हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने बसवलेली तिजोरी, किल्ली किंवा आकडा फक्त परवानाधारकाकडे, काडतुसे दुसऱ्या कुलपात. हत्यार नोकरी देणाऱ्याला द्यायचे नाही, भावाला नाही, साहेबाला नाही. ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच हातात हत्यार. नोकरीसाठी शस्त्र बाळगणाऱ्या अंगरक्षकांना आणि सुरक्षारक्षकांना तर हे रोज सांगायला हवे, कारण त्यांच्यावर पगार देणाऱ्याचा शब्द न मोडण्याचे ओझे असते.

शेवटी सराव. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्रसुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले, हे चांगले पाऊल. पण ते एकदा मिळाले की बहुतेकांचे पिस्तूल पुन्हा रेंज पाहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, म्हणजे मधला काळ आणखी लांबला. नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक, पत्ता आणि चारित्र्याचा अहवाल पाहतात. माझी ठाम मागणी आहे की त्याच वेळी आणखी तीन गोष्टी पाहिल्या जाव्यात. परवानाधारकाने अधिकाऱ्यासमोर आपले हत्यार योग्य क्रमाने खाली करून दाखवावे, परवानाधारक कारागिराकडून स्प्रिंग आणि नळी तपासल्याचा दाखला आणावा, आणि तिजोरी घरी खरोखर आहे हे पोलिसांनी येऊन पाहावे. ज्याला हे जमत नाही त्याने शस्त्र जमा करावे, त्यात कमीपणा नाही. ज्याला पाच वर्षे हे पाळायला जमेल, तोच ते बाळगायला लायक.